तख्ताची राखण आणि छताची चांदी

महाराष्ट्राला २०२३ पासून अधिकृत राज्यगीत आहे. त्यात दिल्लीचं तख्त राखल्याचा उल्लेख येतो, आणि तो येताच उभ्या माणसाची छाती दोन इंच पुढे सरकते. हीच छाती घेऊन मराठी माणूस दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत सहकुटुंब दिल्लीला जातो. सहल कंपनीने दिल्लीच्या वाट्याला दीड दिवस टाकलेला असतो. त्यात इंडिया गेट, कुतुबमिनार, लोटस टेम्पल, अक्षरधाम, राजघाट, बसच्या खिडकीतून संसद भवन आणि करोल बागेत खरेदीला दोन तास. लाल किल्ला वेळ उरला तर, आणि वार सोमवार नसेल तर. सोमवारी तख्त बंद असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी आग्र्याकडे निघते.

हाच माणूस लंडनला गेला की निराळा होतो. हायगेटच्या क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर सावरकरांच्या नावाची पाटी शोधत तो गुडघेदुखी विसरून चढ चढतो. किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर, जिथे विद्यार्थी असताना आंबेडकर राहिले, ते तर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकतच घेतलं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ साली तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली, तेव्हा तर सणच झाला. साहेबाच्या राजधानीतल्या आपल्या खुणा आपल्याला तोंडपाठ. ज्या राजधानीचे आपण राखणदार, तिथे मात्र आपल्याला फक्त लेहंग्याचा भाव ठाऊक.

तेव्हा या सदरातर्फे एक पर्यायी सहल जाहीर करत आहोत. नाव ‘तख्तदर्शन’. सकाळी पोहे मिळतील, कारण पोह्यांशिवाय मराठी माणूस इतिहास ऐकून घेत नाही. मुक्काम पुढीलप्रमाणे.

मुक्काम पहिला : कालकाजी आणि तालकटोरा

दिल्ली मेट्रोवर ‘कालकाजी मंदिर’ नावाचं स्टेशन आहे. मराठी सहल तिथे उतरते आणि लोटस टेम्पल बघायला जाते. सत्तावीस पाकळ्या, १९८६ सालचं बांधकाम, आत अवाक्षर काढायला बंदी. मराठी माणसाला गप्प बसवणारी वास्तू म्हणून ती पाहण्यासारखी आहेच. पण त्या नादात शेजारच्या कालकादेवीकडे पाठ फिरते. देवळाचा सर्वांत जुना भाग मराठ्यांनी १७६४ च्या सुमारास बांधला, असं परंपरेने सांगितलं जातं. आणि त्याच्याही आधी, मार्च १७३७ मध्ये, पहिले बाजीराव फौजेनिशी या परिसरात येऊन थडकले होते.

का आले होते, तेही ऐकण्यासारखं आहे. अवधच्या सादतखानाची दुआबात मल्हारराव होळकरांच्या तुकडीशी चकमक झाली, ती त्याने जिंकली, आणि मराठे चंबळेपार हाकलले, त्यांचा निकाल लावला, असं बादशहाला कळवून टाकलं. दरबारात मानाची वस्त्रं वगैरे झाली. सरकारी प्रसिद्धिपत्रकावर विश्वास ठेवायची दिल्लीची सवय इतकी जुनी आहे. बाजीरावांनी ठरवलं, आपण जिवंत आहोत हे बादशहाला समक्ष दाखवावं. बादशाही फौजा त्यांना आग्र्याच्या बाजूला शोधत राहिल्या आणि हे गृहस्थ आडवाटेने थेट शहराच्या दारात. भावाला, चिमाजीअप्पांना, लिहिलेल्या पत्रात त्यांनी बारापुला आणि कालिकेचं देऊळ ही वाटेतली ठिकाणंही सांगितली आहेत. आज बारापुल्ला म्हटलं की दिल्लीकराला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी नाल्यावरून बांधलेला उड्डाणपूल आठवतो, आणि त्यावर अडकलेली स्वतःची गाडी.

त्याच पत्रात बाजीरावांनी शहर जाळायचा बेत का सोडला तेही लिहिलंय. मथितार्थ असा, की दिल्ली हे थोर ठिकाण आहे आणि ते खराब करून हाती काही लागत नाही. नोव्हेंबरातली हवा छातीत भरून घेतलेल्या कुणाही माणसाला पटावं, की हे पत्र नंतरच्या राज्यकर्त्यांनी वाचलेलं नाही.

मग तालकटोऱ्यापाशी लढाई झाली. मीर हसनखान कोका शहरातून फौज घेऊन बाहेर पडला आणि मार खाऊन परत गेला. वजिराची मोठी फौज जवळ येतेय असं दिसताच बाजीरावांनी तळ उचलला. दोन-तीन दिवसांत सगळं आटोपलं. त्याच परिसरात, तालकटोरा स्टेडियममध्ये, २१ ते २३ फेब्रुवारी २०२५ या तीन दिवसांत अठ्ठ्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष तारा भवाळकर. दिल्लीतलं याआधीचं संमेलन १९५४ चं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखालचं. म्हणजे सत्तर वर्षांनी मराठी माणूस पुन्हा एकवटून दिल्लीवर चालून गेला. बाजीरावांना येऊन, लढून, जिंकून परतायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात आपली स्वागतपर भाषणं आटोपत नाहीत, हा काळाचा महिमा. संमेलनाच्या पाठोपाठ एक मागणीही झाली : तालकटोऱ्याला बाजीराव, महादजी शिंदे आणि मल्हारराव होळकर यांचे अश्वारूढ पुतळे हवेत. तीन घोडे, तीन स्वार. या मागणीकडे शेवटी वळू.

मुक्काम दुसरा : बुराडी

दिल्लीतल्या कुठल्याही रिक्षावाल्याला ‘बुराडी’ म्हणून बघा. त्याच्या कपाळावर आठी पडेल. त्याच्या लेखी बुराडी म्हणजे परिवहन खात्याचं कार्यालय. रिक्षाचं फिटनेस, परमिट, रांग, दलाल आणि वाया गेलेला दिवस. आपल्या लेखी बुराडी म्हणजे दत्ताजी शिंदे. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या याच घाटावर, अब्दाली आणि नजीबखानाच्या फौजांशी लढताना दत्ताजी पडले. “बचेंगे तो और भी लढेंगे” हे त्यांचे शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला शाळेपासून पाठ असतं. पाठ असलेल्यांपैकी किती जण बुराडीला गेलेत, हे मात्र विचारू नये. करोल बागेपासून हे अंतर पानिपतच्या मोहिमेपेक्षा पुष्कळ कमी आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या वेशीवर आलेल्या शेतकऱ्यांना सरकारने आग्रह केला, की बुराडीच्या मैदानात चला, तिथे सोय केली आहे. बहुतेकांनी साफ नकार दिला; म्हणाले, तो उघडा तुरुंग आहे. त्यातल्या किती जणांनी दत्ताजींचं नाव ऐकलं होतं कोण जाणे. पण बुराडीच्या मैदानात शिरलं की कोंडी होते हे त्यांना कळलं, आणि वर्षभराने शेतीविषयक कायदे मागे घ्यायला लावून ते घरी गेले.

मुक्काम तिसरा : दिवाण-ए-खास

इथे मात्र जरा थांबावं लागेल.

लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासच्या संगमरवरी खांबांसमोर मराठी घोळका उभा आहे. पांढऱ्या टोप्या, कपाळाला अष्टगंध, एका काकांच्या खांद्यावर भगवं उपरणं. गाईड चौथऱ्याकडे बोट दाखवतो. “यहाँ मयूर सिंहासन था. नादिरशाह ले गया, सतरह सौ उनतालीस में.” घोळक्यातून ‘अरेरे’ उमटतं. “और ऊपर की छत पूरी चाँदी की थी.” सगळ्यांच्या माना वर. वर आता रंगवलेलं लाकडी छत आहे. काका विचारतात, “ती कुणी नेली?” गाईड उपरण्यावरून नजर फिरवतो. “लुटेरे ले गए, अंकल. दिल्ली में बहुत लुटेरे आए.” दहाच मिनिटांपूर्वी हरियाणाच्या घोळक्याला त्याने चांदी नेणाऱ्यांचं नाव-गाव सांगितलेलं असतं. घोळक्यातल्या एक बाई नवऱ्याला कोपराने ढोसतात. “अहो, भाऊसाहेबांनीच काढली ना ती?” नवरा इकडेतिकडे बघतो. “हळू बोल.”

बाईंचं बरोबर आहे. ऑगस्ट १७६० च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. शहर हाती आलं, पण तिजोरीत खडखडाट. फौजेचे पगार थकलेले, धान्य महाग, नानासाहेब पेशवे पुण्याहून पैसे पाठवेनात आणि मुलूख लुटून संपलेला. तेव्हा दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून वितळवलं आणि त्याची नाणी पाडली. सूरजमल जाट याच सुमारास भाऊंना सोडून आपल्या मुलखाकडे निघून गेला. बखरी वाचल्या तर त्याच्या जाण्याच्या कारणांत हे छतही येतं. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तख्त आपण राखलं की नाही यावर वाद घालता येईल; छत आपण राखलं नाही, यावर येत नाही. मुळात राखायचं म्हणून जे खरंखुरं रत्नजडित तख्त होतं, ते एकवीस वर्षं आधीच इराणला पोचलं होतं.

मग राखणीचं कौतुक खोटं का? तसंही नाही, आणि इथेच गाणं आणि इतिहास यांची गाठ जरा गुंतागुंतीची आहे. पानिपतानंतर दहा वर्षांत, फेब्रुवारी १७७१ मध्ये, महादजी शिंद्यांनी दिल्ली पुन्हा घेतली. अलाहाबादेत इंग्रजांच्या तैनातीवर दिवस काढणाऱ्या शाह आलम बादशहाला जानेवारी १७७२ मध्ये परत आणून बसवलं. पानिपतासारखा मार खाऊन दशकभरात असं उभं राहणं ही खरी मर्दुमकी आहे, आणि महाराष्ट्रात तिच्यावर पानिपताच्या दहाव्या हिश्श्याइतक्याही कादंबऱ्या नाहीत. आपल्याला हरलेले नायक अधिक भावतात. १७८४ साली पेशव्यांच्या नावाने वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा मुखत्यार, ही पदवी आली, कारभार महादजींकडे. पण जुलै १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिर लाल किल्ल्यात घुसला, ऑगस्टात त्याने शाह आलमचे डोळे काढले, तेव्हा राखणदार ड्युटीवर नव्हता. लालसोटच्या मोहिमेनंतर महादजी मागे सरकले होते. ऑक्टोबरात मराठी फौज परत आली, बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं, गुलाम कादिरला गाठून ठार केलं. न्याय झाला. डोळे काही परत आले नाहीत.

हे सगळं त्या एका चौथऱ्यासमोर उभं राहून सांगता येतं. पंधरा मिनिटं पुरतात. पण तोवर कुणीतरी ओरडतं, “चला, मीना बाजारात पर्स स्वस्त आहेत!”

मुक्काम चौथा : पानिपत

हा मुक्काम दिल्लीत कसा, असं विचारू नका. पानिपत जिल्हा आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, म्हणजे एनसीआरमध्ये मोडतो. तेव्हा १४ जानेवारी १७६१ ला मराठे परमुलखात नव्हे, दिल्लीच्या उपनगरातच हरले, अशी सरकारी सोय झाली आहे. प्रदूषण वाढलं की दिल्लीतल्या बांधकामबंदीचे नियम तिथल्या काळा आंबा स्मारकालाही लागू होतात.

दरवर्षी संक्रांतीला इथे मराठी मंडळी जमतात. बाकीच्या सहली आल्याच तर वाटेत मुरथलला थांबतात, लोण्यात बुडालेले पराठे खातात, काळा आंबा स्मारकापाशी गंभीर चेहऱ्याने फोटो काढतात. ‘विश्वास गेला पानिपतात’ हा वाक्प्रचार कुणीतरी हमखास म्हणतंच. मग बाजारात जाऊन पानिपतची ब्लँकेटं आणि पचरंगा लोणच्याच्या बरण्या घेतात. मराठी माणूस पानिपतहून काही कमावून परतल्याचा हा बहुधा पहिलाच पुरावा.

मुक्काम पाचवा : दोन पूल आणि एक जेवण

दिल्लीने आपल्याला बदल्यात काय दिलं? रस्ते आणि पूल. गोल मार्केटजवळ पेशवा रोड आहे. एअरपोर्ट मेट्रोवर शिवाजी स्टेडियम आहे. हार्डिंग ब्रिजचा टिळक ब्रिज झाला आणि मिंटो ब्रिजचा शिवाजी ब्रिज. दोन व्हाइसरॉय खाली उतरवले आणि दोन मराठी माणसं वर चढवली.

पण पुलाखालून जाणाऱ्या दिल्लीकराला विचारा. तो मिंटो ब्रिजच म्हणेल. हा पूल जोराच्या पावसात वारंवार राष्ट्रीय बातमीत झळकलाय. खाली पाणी तुंबतं, त्यात बस अडकते, छतावर माणसं उभी राहतात, आणि जुलै २०२० मध्ये तर एका टेम्पोचालकाचा जीव गेला. सगळ्या बातम्यांत नाव येतं मिंटोचं. एका अर्थी बरंच आहे. पाटीवर शिवाजी महाराज आणि तुंबलेलं पाणी व्हाइसरॉयच्या खात्यावर, ही विभागणी कुणी मुद्दाम केली असती तरी इतकी चोख जमली नसती.

जेवण अर्थातच महाराष्ट्र सदनात. जुनं सदन कोपर्निकस मार्गावर, नवं २०१३ सालचं कस्तुरबा गांधी मार्गावर. सलग पनीर खाऊन हिरमुसलेला मराठी माणूस इथे मिसळ आणि साबुदाणा खिचडी बघून खरोखर भावुक होतो. दिवाण-ए-खासमध्ये न आलेलं पाणी इथे डोळ्यांत येतं. आणि जुन्या सदनाच्या रस्त्याला एका पोलिश खगोलशास्त्रज्ञाचं नाव का, असा प्रश्न अजून कुठल्याही पक्षाने विधानसभेत विचारलेला ऐकिवात नाही. सूर्य मध्यभागी असतो, दिल्ली नव्हे, असं म्हणणारा माणूस आपल्या खासदारांच्या वाटेवर असावा, हे तसं हितकारकच.

मुक्काम सहावा : नोएडा गोल्फ कोर्स

हा मुक्काम कुठल्याच सहल कंपनीच्या पत्रकात नाही. नोएडाच्या सेक्टर ३८ मध्ये गोल्फ कोर्स आहे. त्याच्या नावाचं मेट्रो स्टेशनही आहे. हिरवळीवर, टोपीवाले साहेब चेंडू टोलवतात तिथे, एक दगडी स्मारक उभं आहे. १९१६ साली इंग्रजांनी उभारलेलं. त्यावर इंग्रजीत मजकूर आहे. त्याचा आशय असा : ११ सप्टेंबर १८०३ रोजी या जागेजवळ दिल्लीची लढाई झाली, त्यात लुई बूर्कँच्या हाताखालच्या मराठ्यांच्या फौजेचा जनरल लेकच्या ब्रिटिश फौजेने पराभव केला.

हीच पटपडगंजची लढाई. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती फ्रेंच. मोठा फ्रेंच सरदार पेराँ आधीच इंग्रजांना जाऊन मिळालेला. लढाईनंतर थोड्याच दिवसांत बूर्कँही शरण गेला. शिपाई मात्र लढले आणि मेले, पण त्यांचं नाव दगडावर नाही. १६ सप्टेंबरला लेक लाल किल्ल्यात शाह आलमला भेटायला गेला, तेव्हा आंधळा बादशहा एका फाटक्या चांदव्याखाली बसला होता, असं इंग्रजांच्या कागदांत लिहून ठेवलंय. वर चांदी नाही, समोर डोळे नाहीत आणि डोक्यावर फाटकं कापड. आपल्या राखणीची ही शेवटची नोंद, आणि तीही दुसऱ्याने केलेली.

गंमत बघा. शत्रूने आपल्या पराभवाची जागा हेरली, दगड आणला, तारीख, सेनापती, फौज सगळं कोरलं. आपण आपल्या विजयाच्या जागेवर, तालकटोऱ्यावर, तीन दिवस संमेलन भरवलं आणि तीन घोड्यांची मागणी करून आलो. पुतळा उभा राहील तेव्हा राहील. तोवर कालकाजीच्या मेट्रो स्टेशनबाहेर, बुराडीच्या घाटावर, दिवाण-ए-खासच्या दोरीपाशी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत चार ओळींचा एकेक फलक लावायला काय हरकत आहे? चांदीचं काय झालं, हेही त्यात लिहावं. ते लपवून उपयोग नाही, हरियाणाच्या सहलींना ते आधीच माहीत आहे.

हरकत एकच येईल आणि ती आमचा अनुभव सांगतो. फलकाच्या मजकुरासाठी समिती नेमली जाईल. पहिल्या बैठकीत चहा, बटाटेवडा आणि दिवंगतांना श्रद्धांजली. दुसऱ्या बैठकीत प्रश्न निघेल : आधी नाव कुणाचं, शिंद्यांचं की होळकरांचं? तिथे समिती फुटेल. हा प्रश्न नवा नाही. १८०३ साली पटपडगंजला शिंद्यांची फौज इंग्रजांशी झुंजत होती, तेव्हा यशवंतराव होळकर बाजूला थांबून बघत होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८०४ मध्ये, त्याच होळकरांनी दिल्लीला वेढा घातला, तेव्हा शिंदे इंग्रजांशी तह करून बसले होते. एकाच शहरासाठी, एकाच शत्रूशी, वर्षभराच्या अंतराने, दोघंही एकेकटे लढले. त्या वेढ्यात मूठभर शिबंदी घेऊन दिल्लीचं तख्त राखलं ते इंग्रज अधिकारी ऑक्टरलोनीने.

समितीचा अहवाल येईल तेव्हा येईल. जनरल लेकचं नाव मात्र १९१६ सालीच कोरून झालंय. त्याच्या बाजूला आधी कोण आणि नंतर कोण, हा प्रश्नच नव्हता.